पोळ्याच्या आत माद्या: एका मोंढ्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीचं प्रकरण

गाव लातूर-नांदेड पट्ट्यातलं, तालुक्याचं. नाव देत नाही, कारण यात नगरपरिषद, बाहेरची एक संस्था आणि दोन-चार दुकानदार असे सगळे येतात आणि मला रोज तिथंच बसायचंय. मी मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. मोंढा म्हटलं की सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या थप्प्या, थप्प्यांखाली उंदीर, उंदरांमागं मांजरं, आणि हमालांच्या भाकरीवर, कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानांवर अन् मागच्या मंगल कार्यालयाच्या पत्रावळ्यांवर जगणारी कुत्री. मोंढा आणि त्याला लागून असलेल्या तीन गल्ल्या धरल्या तर मोठी कुत्री चाळिसेक असतील, मांजरं वीस-पंचवीस. मांजरांचा आकडा कायम अंदाजेच, ती पत्र्यावर असतात, खाली येतात ती रात्री.

सुरुवात झाली २०२४ च्या जानेवारीत. एका हमालाच्या पोराला पोटरीला कुत्री चावली. व्यालेली होती, थप्पीमागं पिल्लं होती आणि पोरगं चेंडू आणायला नेमकं तिथंच घुसलं. लोक जखमेवर चटणी भरायला धावले, आमच्याकडं कुत्रं चावलं की अजूनही लाल तिखटच आठवतं लोकांना, पण हमालांतल्या एका मावशीनं पोराला हापशावर नेलं आणि साबण लावून चांगलं पंधरा मिनिटं धुतलं. तेच बरोबर असतं. मग ग्रामीण रुग्णालयात रेबीजची इंजेक्शनं, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोरगं ठणठणीत आहे. पण त्या दिवसापासून मोंढ्यात एकच विषय, सगळी कुत्री उचला आणि लांब माळावर नेऊन सोडा.

तसं करता येत नाही. मार्च २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्याआधी २००१ चे होते, दोन्हींत मूळ गोष्ट तीच: पकडा, ऑपरेशन करा, रेबीजची लस द्या, जिथून नेलं तिथंच सोडा. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या संस्थेनंच करायचं, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू धरायचं नाही, पिल्लं पिती असलेली कुत्री न्यायची नाही. हे ऐकून एक दुकानदार म्हणाला, "मंग पुना आनून इथंच सोडणार आसताल तर नेता कशाला?" प्रश्न वाजवी होता आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्याच उत्तराचं आहे.

भाद्रपदात आलेली गाडी

त्या काळात नगरपरिषदेवर प्रशासक. नगरसेवक सगळे माजी, पण माजी असले तरी फोन चालू असतात. जानेवारीत अर्ज गेले, मग लोकसभेची आचारसंहिता, मग टेंडर, मग टेंडरला एकच निविदा आली म्हणून फेरनिविदा, असं करत फाईल हलली ऑगस्टात आणि गाडी दारात आली ती पोळा झाल्यावर. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. पोळ्याची अमावस्या सरली की भाद्रपद लागतो आणि भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका माजावरच्या कुत्रीमागं सात-आठ कुत्रे, रात्रभर भांडणं, मोटारसायकलमागं धावणं, हे सगळं त्याच महिन्यात दिसतं. त्यामुळं तक्रारीही त्याच महिन्यात पडतात, साहेब लोक त्याच महिन्यात चिडतात, आणि यंत्रणा नेमकी तेव्हा जागी होते जेव्हा माद्या लागून, म्हणजे गाभण राहून, गेलेल्या असतात. माझ्या मते गावोगावची निम्मी नसबंदी इथंच वाया जाते. पैसा नसतो असं नाही, तारीख चुकते.

दुसरी गडबड पैशाच्या रचनेत होती. बिल कुत्र्यामागं. नर असो की मादी, दर तोच. आता नराचं ऑपरेशन लवकर उरकतं, नर बिनधास्त रस्त्यात फिरतो, बिस्किटाला येतो, जाळीत सापडतो. मादी हुशार, त्यात गाभण असली तर बाहेरच येत नाही. मग गाडीत काय भरणार? नर. आणि समजा एखाद्या गल्लीत दहा नर असले, त्यातल्या नवांची नसबंदी केली तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो, पिल्लांत एकानंही फरक पडत नाही. तेच दहा माद्यांपैकी नवांची केली तर त्या गल्लीत एकच वेत होईल.

तिसरं, गाडी तक्रार येईल तिकडं पळायची. आज बसस्टँड, उद्या शिक्षक कॉलनी, परवा कुणा माजी सभापतीच्या घरासमोर. गावभर मिळून आकडा चांगला दिसला, पेपरात फोटोही आला, पण मोंढ्यातली जेमतेम आठ-दहा गेली आणि त्यात माद्या दोन. त्यातली एक गाभण निघाली, डॉक्टरांनी पोटाचा आकार बघून ऑपरेशन न करता परत पाठवली, तिनं नंतर सहा पिल्लं दिली. सोडतानाही घोळ केला, कुठलं कुत्रं कुठलं हे नीट लिहिलेलं नव्हतं, आमच्याकडची तीन कुत्री बायपासला सोडली. दोन चालत परत आली, तिसरं तिथंच गाडीखाली गेलं, कानाला खाच होती, नसबंदी झाल्याची खूण, म्हणून ओळखलं.

कुत्रीचे दिवस साधारण ६३. भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात व्यायची. दिवाळीनंतर सोयाबीनची आवक जोरात असताना मोंढ्यात पाच वेतं मोजली मी, थप्प्यांमागं, काट्याच्या खोलीत, ट्रकच्या जुन्या टायरात. दुकानदार माझ्याकडंच बघायचे, जशी काय माझीच पिल्लं.

वही

माझा धंदाच हिशेबाचा, त्यामुळं वही मी घातली. सकाळी पाच-साडेपाचला, लिलाव सुरू व्हायच्या आधी, रस्ते मोकळे असताना एक चक्कर मारायची आणि दिसेल तेवढी कुत्री लिहायची: रंग, नर की मादी, कानाला खाच आहे का नाही, सड ओघळलेत का म्हणजे अलीकडं व्यालीये का, आणि रोज कुठं बसतं. दोन-तीन दिवस तसंच केलं की नवीन चेहरे येणं थांबतं, मग समजायचं यादी जवळपास पूर्ण. यात कसलं ॲप लागत नाही. खाच असलेली किती आणि बिनखाचेची किती हे बघितलं की काम कुठवर आलंय ते तिथंच कळतं, संस्थेच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. संस्था काढलेले अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवते आणि समितीनं ते मोजून बिल पास करायचं असतं, ती मोजणी गरजेची आहेच, पण बरणीतला आकडा गावाचा असतो, गल्लीचा नसतो.

जयपूरचं उदाहरण मी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात छापून नेलं होतं. तिथं हेल्प इन सफरिंग या संस्थेनं १९९४ पासून ठरावीक भागात, माद्यांवर भर देऊन काम केलं, आठेक वर्षांत ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लस झाली आणि त्या भागातली कुत्री २८ टक्क्यांनी घटली. आणि मारून संपत नाहीत याला मद्रास आहे. तिथल्या महापालिकेनं शंभर वर्षांच्या वर कुत्री मारली, शेवटी १९९६ ला नसबंदीवरच आली. साहेबांनी कागद वाचला की नाही माहीत नाही पण वहीतली गल्लीवार यादी मात्र दोनदा बघितली. "हे आपल्याच गावचं आहे का?" म्हणाले. आपल्या गावचा कागद असला की साहेब ऐकतात असा अनुभव आहे.

वर्कऑर्डर बदलली. आधी फक्त मोंढा आणि तीन गल्ल्या, त्या पूर्ण झाल्याशिवाय गाडी दुसरीकडं नाही. आधी माद्या. आणि सोडताना त्या जागेवरच्या एका माणसाची सही. संस्था तीच राहिली, डॉक्टर मात्र नवीन आल्या, उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या. (मराठवाड्यात परभणी आणि उदगीर अशी दोन कॉलेजं आहेत, तरी तालुक्याला कुत्र्यांचं ऑपरेशन करणारा हात शोधावा लागतो, बहुतेक सगळे गायी-म्हशींच्या मागं.)

फाल्गुन आणि ज्येष्ठ

तारखा आम्ही उलट्या मोजल्या. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या आत सगळ्या माद्या व्हायला पाहिजेत. पण सलग करता येत नाही. कोंडवाड्याच्या जुन्या इमारतीत केंद्र केलेलं, फरशी आणि पिंजरे नवीन, पत्रे जुनेच. एप्रिलच्या मध्यानंतर त्या पत्र्याखाली भूल दिलेलं जनावर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि पिंजरे रोज धुवायला पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात वैशाखात कुत्र्यांसाठी टँकर मागायला कुणाची जीभ उचलत नाही. उलट श्रावणात माश्या, ऑपरेशनच्या टाक्यांत अळ्या पडायची भीती.

म्हणून दोन टप्पे. पहिला फाल्गुनात, होळीच्या आगेमागे, मोठ्या माद्या. दुसरा पाऊस पडून हवा उतरल्यावर ज्येष्ठ-आषाढात, आणि तो कशासाठी हे महत्त्वाचं आहे: कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेली पिल्लं फाल्गुनात चार महिन्यांची असतात, नियमानं धरता येत नाहीत, पण ज्येष्ठापर्यंत सहा महिने ओलांडतात आणि भाद्रपदात त्यातल्या बऱ्याच माद्या पहिल्यांदा माजावर येतात. एकच टप्पा केला तर ह्या तरण्या माद्या सुटतात आणि पुढच्या दिवाळीला लोक म्हणायला मोकळे की नसबंदी फेल गेली.

पकडायला पहाटे. संस्थेची पोरं जाळी घेऊन आली की कुत्री पसार व्हायची, मागच्या साली जाळी बघितलेली. मग हमालांच्या मुकादमानं डोकं लावलं. त्याचे लोक रोज डबा कुठं सोडतात ते कुत्र्यांना पाठ होतं, तिथंच ते भाकरी हातात घेऊन बसायचे, नेहमीच्या नावानं हाक मारायचे, आणि कुत्री हाताशी आली की मागून जाळी. मुकादम आधी राजी नव्हता. "राती दुकानं राखतेत ती, तुमी नेऊन मारून टाकलाव तर?" असा त्याचा सवाल होता. त्याला कोंडवाड्यात नेऊन पिंजरे दाखवले तेव्हा आला कामाला. काळी नावाची एक कुत्री होती, चहाच्या टपरीच्या बाकड्याखाली राहणारी, ती जाळीत आली तशी टपरीवाल्या काकू धावत आल्या, "हिला नका नेऊ, पिल्लं पेतेत आजून." डॉक्टरांनी सड दाबून बघितला, दूध होतं. सोडून दिली आणि वहीत पुढं ज्येष्ठ लिहिलं.

ऑपरेशन मी एकदा उभं राहून बघितलं. आदल्या रात्री उपाशी ठेवतात, नाहीतर भुलेत उलटी होऊन श्वासात जाते. भूल दिल्यावर कुत्री डाव्या कुशीवर, उजव्या कुशीचे केस काढलेले, छेद जेमतेम दोन बोटांचा. डॉक्टरांनी आकड्यासारखं एक हत्यार आत घालून गर्भाशयाची शिंगं बाहेर ओढली, दोन्ही बाजूंच्या अंडाशयाला दोरा बांधला, कापलं, पोट तीन थरांत शिवलं, दोरा आपोआप विरणारा. कुशीवर छेद घ्यायचं कारण त्यांनी सांगितलं ते मला पटलं, पोटाखाली टाका असला तर लांबून दिसत नाही आणि सुटला तर आतडी बाहेर येतात, कुशीवरचा टाका पिंजऱ्याबाहेरून बघता येतो. भूल उतरायच्या आत कानाला व्ही आकाराची खाच, रेबीजची लस, दुखण्याचं इंजेक्शन, गळ्यात नंबरची पट्टी. तीन माद्या अशा निघाल्या की त्यांना मायांगात गाठ होती, रक्त टपकत होतं. ही गाठ संगातून एकाची दुसऱ्याला लागते, कुत्र्यांत फार आहे, तिला व्हिंक्रिस्टीनची इंजेक्शनं दर आठवड्याला द्यावी लागतात. नसबंदीच्या दरात ते बसत नव्हतं, औषधाचा खर्च दोन आडत्यांनी उचलला, त्यातला एक तोच, "नेता कशाला" विचारणारा.

चार दिवस पिंजऱ्यात ठेवून, टाके बघून परत मोंढ्यात. सोडताना मुकादमाची सही, निरक्षर माणूस, अंगठा लावायचा आणि वर कुत्र्याचं नाव मला लिहायला लावायचा.

मांजरं

मांजरांचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पैसेही कुत्र्यांसाठीच मंजूर. पण मांजर कुत्र्यापेक्षा जास्त वाढतं, त्याला भाद्रपद-बिद्रपद काही नसतं. दिवस मोठा व्हायला लागला की भाटी, म्हणजे मांजराची मादी, माजावर येते, लागली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, पिल्लं पीत असतानाही परत गाभण राहते, आणि पाच-सहा महिन्यांचं पिल्लू स्वतःच व्यायला तयार. आडत्यांचा मात्र विरोध वेगळाच होता. "नसबंदी केल्यावर मांजर आळशी होतंय, मंग उंदरं तुम्ही धरणार का?" शिकार ही माजावर अवलंबून नसते, मांजर पोट भरलेलं असलं तरी उंदरामागं धावतं, हे सांगून कुणाला पटत नाही. आमच्या मालकांच्या दुकानातल्या दोन भाट्या आधी करून आणल्या, खर्च मालकांचाच. आठवड्याभरात त्यातल्या एकीनं दिवाणाखाली घूस आणून टाकली. त्यानंतर बाकीच्यांनी स्वतः विचारलं.

मांजर जाळीनं धरता येत नाही. पिंजरा लागतो, आत सुकट ठेवायचं आणि पिंजरा भिंतीच्या कडेनं लावायचा, कारण मांजर मोकळ्यातून चालत नाही. अडकलं की लगेच वरून पोतं टाकायचं, अंधार झाला की शांत होतं, नाहीतर नाक आपटून रक्त काढून घेतं. पिंजरे तीनच, त्यातला एक दाराच्या स्प्रिंगनं बिघडलेला. म्हणून मांजरांचं काम रेंगाळत चाललंय, बारा-तेरा झाली असतील, बोके धरून. भाटी पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते खरंय, दूध पाजणारी म्हणून आज सोडलेली उद्या कुठल्या गोदामात गेली ते कळतच नाही.

मधलं एक लिहायला पाहिजे. एप्रिलमध्ये मागच्या गल्लीत कुणीतरी भज्यांत विष घालून टाकलं. पाच कुत्री, दोन मांजरं, पाचातल्या तीन खाच असलेल्या माद्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. अर्ज दिला, पोलिसांनी पोचही दिली, पुढं काही नाही. पण वहीत जे दिसलं ते सांगतो: जूनपर्यंत त्या गल्लीत नदीकडून सहा नवीन कुत्री आली. चिकनचा कचरा होता तिथंच होता, राखणारी मेली, मग येणारच. सगळी बिनखाचेची, बिनलसीची, चार माद्या. त्या सहाच्या सहा ज्येष्ठातल्या टप्प्यात परत धराव्या लागल्या, म्हणजे विष घालणाऱ्यानं नगरपरिषदेला तेवढ्या बिलांचा भुर्दंड घातला.

दिवाळीनंतरचा हिशेब

पोळ्यापर्यंत यादीतल्या माद्यांपैकी तीन सोडून सगळ्या झाल्या. काळीही झाली. २२ ऑगस्टला, पोळ्याच्याच दिवशी, सुप्रीम कोर्टाचा दिल्लीच्या कुत्र्यांवरचा सुधारित आदेश आला, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लस करून मूळ जागीच सोडायची. त्याच्या आधीचा ११ ऑगस्टचा आदेश सगळी शेल्टरमध्ये टाका असा होता, तेव्हा मोंढ्यात मला दहा दिवस फार ऐकावं लागलं.

भाद्रपद शांत गेला. अगदी शांत नाही, नर अजून बरेच राहिलेत, ते बसस्टँडकडं रात्री जातात आणि सकाळी चावे खाऊन येतात. पण मोंढ्यात घोळके दिसले नाहीत. मार्गशीर्षात वेतं मोजली, पाचाच्या जागी एक, राहिलेल्या तिघींपैकी एकीचं, बाकी दोघी कुठं गेल्या कळलं नाही. मोठ्या कुत्र्यांची संख्या मात्र जवळपास तेवढीच आहे आणि हे मी दुकानदारांना आधीच सांगून ठेवलं होतं. असलेली कुत्री आपलं आयुष्य जगणार, घट दिसायला तीन-चार वर्षं जातात. मोटारसायकलमागं धावणं थांबलं का, तर नाही, नसबंदीचा आणि त्याचा फार संबंध नाही. पिल्लं राखणाऱ्या आईचे चावे मात्र ह्या हिवाळ्यात मोंढ्यात एकही नाही. लस दरवर्षी परत द्यावी लागते, तिचं मंजूर कामात कुठंच नाव नाही, ते आत्ता भांडतोय.

अडकलंय ते बसस्टँडचं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलंय, तिथं परत सोडायची नाहीत. आमचं बसस्टँड मोंढ्याला खेटून, मध्ये एक पडकी भिंत. तीच कुत्री सकाळी भाकरीला मोंढ्यात असतात आणि रात्री फलाटावर झोपतात, आता ती मोंढ्याची धरायची का स्टँडची? शेल्टर गावात नाही, कोंडवाड्यातले पिंजरे चार दिवसांसाठीचे. आरोग्य विभागानं आगाराला पत्र दिलं, आगारानं भिंत बांधायला विभागीय कार्यालयाला लिहिलं. तोवर स्टँडच्या बाजूच्या अकरा माद्या मी वेगळ्या पानावर काढून ठेवल्यात, त्यातल्या आठ बिनखाचेच्या, आणि संस्थेला फाल्गुनाची तारीख मागितलीये.